म्हशीची जीभ कुणी धरली होती

माझं तोंड वाईट आहे. हे मी कौतुकानं सांगत नाही. आमच्या नांदेडच्या प्रयोगशाळेत कुणी नमुन्याची बाटली बर्फाविना आणली की मी काय काय बोलते, त्याची पोरं मागं नक्कल करतात, मला ठाऊक आहे. गावाकडं दादा म्हणायचा, हिला एवढं शिकवलं, पण ही बोलायला लागली की जनावरंसुद्धा दावं तोडून पळतील. सगळे हसायचे, मीही हसायची. माझ्या या तोंडापायी एक बाई गेली, हे मात्र मी सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही. आणि त्या बाईचा नवरा ही सहा वर्षं समजत राहिला की ती त्याच्यामुळं गेली.

मी रेबीजच्या विषाणूवर काम करते. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग म्हणतात तो. आधी जनावरांची डॉक्टर झाले, मग पुढं शिकले, आणि विषाणू शरीराशी कसा वागतो, शरीर त्याच्याशी कसं वागतं, हे बघण्यात अर्धं आयुष्य गेलं. बहुतेक विषाणू दांडगाई करतात. ताप आणतात, अंग मोडून काढतात, शरीर खडबडून जागं होतं आणि भांडायला उठतं. हा तसला नव्हे. हा जखमेतून आत येतो, जवळच्या नसेत शिरतो आणि गप्प होतो. मुंगीच्या चालीनं मेंदूकडं निघतो. ज्या पेशीत मुक्काम करतो तिचं काही मोडत नाही, काही सांडत नाही. शरीराला पत्ताच लागत नाही की कुणी आलंय. महिना जातो, दोन जातात, कधी जास्तही. माणूस जेवतो, हसतो, लग्नाला जाऊन येतो. या दिवसांत सुया घेतल्या तर तो वाचतो. पहिलं लक्षण दिसलं की मग देव आला तरी उपयोग नाही. माझं सगळं संशोधन या मधल्या गप्प दिवसांवर आहे. माझं पापही त्याच दिवसांतलं आहे.

आमचं गाव अहमदपूरपासून जवळ. त्या वर्षी सुगी उरकत आली होती. मी प्रयोगशाळेत हातमोजे चढवून आतल्या खोलीत जायच्या बेतात होते, आणि वहिनीचा फोन तिसऱ्यांदा वाजला. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी अकरावीत असताना ती आमच्या घरात आली, आणि माझ्या डब्यापासून माझ्या परीक्षेच्या उपासापर्यंत सगळं तिनं केलं.

"वन्सं, म्हस कालपसून लई वरडून राहिली," ती म्हणाली. "तोंडातून लाळ गळतीय. पाण्याकडं जाती, पण घोट उतरंना."

"उसाचं वाढं टाकलं होतं का?"

"हाव. परवाच टाकलं की."

"मग अडकलं असंल घशात. दादा कुठंय?"

"हरभरा घेऊन मोंढ्यात गेलेत."

"मग हात घालून बघा तुम्हीच. जन्म गेला गोठ्यात, आणि हे मला नांदेडला फोन करून विचारता?"

झालं. उंटावरून शेळ्या हाकल्या आणि फोन ठेवला. त्याच आठवड्यात मी गुरांच्या दवाखान्यातल्या लोकांना शिकवायला गेले होते. फळ्यासमोर उभी राहून मी त्यांना सांगितलं होतं, म्हैस ओरडते, लाळ गाळते, घोट गिळत नाही, म्हणजे घशात अडकलंय असं तुम्हाला वाटेल. अशा वेळी आधी आपले हात मागं बांधा. लोक हसले होते. शिकवताना मला सगळं ठाऊक असतं हो. घरच्या माणसाचा फोन आला की मात्र मला फक्त राग येतो.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. म्हैस मेली. "आन एक आयकलं का," तो म्हणाला, "महिन्यामागं एक पिसाळलेलं कुत्रं गावातून गेलतं म्हणतेत. आपल्या गोठ्याकडून गेलं म्हणं." मी बर्फाचा डबा उचलला, गाडी सांगितली आणि दुपारपर्यंत गावात पोचले. म्हैस शेतात लिंबाखाली आडवी होती, जेसीबीची वाट बघत. मी मानेच्या मागून, कवटीच्या भोकातून मेंदूचा नमुना काढला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके दिसले, म्हणजे रेबीजच. असे ठिपके मी शेकड्यांनी बघितलेत, पण हे आमच्या घरच्या म्हशीचे होते.

पण सुयांसाठी मी त्या ठिपक्यांची वाट बघितली नाही. शेतातून मी तशीच अंगणात आले.

"हात कुणी घातला?" मी विचारलं.

"मीच," वहिनी म्हणाली.

"बघू."

कोपराच्या खाली दाढेचा ओरखडा होता. लांबट, वाळलेला. तो बघितला आणि माझा तोल गेला. भीती वाटली की मी ओरडते, हा माझा जुना रोग. "अक्कल गहाण ठेवली का? गावात कुत्रं आलतं हे फोनवर सांगायला काय झालं होतं? मरण आहे हे, मरण! एकदा अंगात भिनलं की जगात औषध नाही याला!" शेजारपाजारचे आवाज बंद झाले, एवढी ओरडले. वहिनीचा चेहरा पांढरा पडला. तिनं तोंड उघडलं.

"वन्सं, तव्हा माझ्यासंगं..."

"आता एक शब्द बोलू नका. गाडीत बसा."

ती गाडीत बसली. पुढचं वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

मी वहिनीच्या जखमेत औषध भरून घेतलं, पाचही सुया दिल्या. एकही तारीख चुकू दिली नाही. दर वेळी नांदेडहून गावी आले, तिला बसवून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, परत सोडलं. दादाला, लेकरांना, गोठ्यात येणाऱ्या सगळ्यांना विचारलं, कुणी लाळेला हात लावला का, कुणाला जखम होती का. डोळ्यात तेल घालून सगळं केलं. आमच्या घरातल्या सगळ्यांचं केलं.

आता ऐका. म्हशीच्या तोंडात हात घालायचा तर दोन माणसं लागतात. एकानं जीभ बाहेर ओढून बाजूला घट्ट धरायची, म्हणजे म्हैस जबडा मिटत नाही. दुसऱ्यानं हात घालायचा. हे मी शिकले, परीक्षेत लिहिलं, दुसऱ्यांना शिकवलं. एकट्या बाईला ते जमत नाही. आणि त्या दिवशी अंगणात उभी राहून मी एकदाही विचारलं नाही की जीभ कुणी धरली होती.

जीभ शेजारच्या आक्कानं धरली होती.

आक्का आणि आप्पा आमच्या घराला भिंत लागून राहायचे. पुढं त्यांचं किराणा दुकान, मागं घर. लेकरूबाळ नाही. मी लहान असताना आक्काच्या दुकानातल्या गुळाच्या ढेपेला किती बोटं लावली असतील, देवाला माहीत. पण त्या वेळी आमचा दादा आणि आप्पा यांच्यात दोन वर्षं अबोला होता. आमच्या गोठ्याचं पाणी त्यांच्या दुकानापुढून वाहायचं, एवढ्यावरून सुरू झालं आणि पार एकमेकांच्या बापापर्यंत गेलं. आमच्याकडं दोन घरांत अबोला धरला की तो बायकांनीही पाळायचा असतो. समोरासमोर आल्या तरी बोलायचं नाही, वाण द्यायचं नाही, दुकानातून मीठसुद्धा आणायचं नाही. वहिनी मिठासाठी पार वेशीजवळच्या दुकानात जायची.

पण बायका कुठं एवढं ऐकतात? परसातली भिंत कमरेएवढी होती. पुरुष बाहेर पडले की इकडून ताक जायचं, तिकडून शेंगाची चटणी यायची. त्या दिवशी म्हशीचा आवाज ऐकून आक्का ती भिंत ओलांडून आली. दादा मोंढ्यात होता, आप्पा माल भरायला उदगीरला. "एकटीनं न्हाई व्हायचं, मी जीभ धरते," म्हणाली. आक्काचे हात भक्कम. घशात काही सापडलं नाही. मग ती हात धुऊन परत भिंतीवरून गेली, आणि दोघींनी ठरवलं की हे कुणाला कळू द्यायचं नाही. ते वहिनी मला सांगणार होती. "तव्हा माझ्यासंगं" एवढं म्हणालीही होती. मग मी तिला गप्प केलं, आणि एकदा गप्प बसल्यावर ती घाबरली. पुढं तिनं मनाची समजूत घातली की तोंडात हात तर माझा गेला, आक्कानं नुसती जीभ धरली, तिला काय होतंय. वहिनी आजही हे सांगताना कपाळावर हात मारून घेते. मी तिला म्हणते, तुमचा दोष नाही. ते खरंच आहे. ती शिकलेली नव्हती, मी होते.

उन्हाळा तापला. वैशाखात एका सकाळी वहिनीचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"वन्सं, आक्काला पाणी जाईना."

"म्हणजे?"

"घसा धरलाय म्हणती. तांब्या बघितला की दचकून राहिली. लातूरला नेलंय. वन्सं, तव्हा माझ्यासंगं आक्का व्हती. तिनंच जीभ धरली व्हती."

या वेळी मी ओरडले नाही. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा मला राग आला नाही. कारण तो कुणावर काढायचा हेच उरलं नव्हतं.

लातूरच्या मोठ्या दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. बाहेर मरणाचं ऊन, आणि आत पंखा बंद. या रोगात वारा अंगाला लागला तरी घसा आवळतो. आप्पा दाराबाहेर जमिनीवर बसले होते, हातात टॉवेल. डॉक्टर त्यांना विचारत होते, कुत्रं चावलं होतं का? आप्पा म्हणत होते, "न्हाई हो साहेब. कुत्र्याचा काय संबंध? घसा धरलाय तिचा." मी डॉक्टरांना बाजूला घेतलं आणि म्हशीचं सगळं सांगितलं. आप्पांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं.

लोकांना वाटतं या रोगात माणूस वेडा होतो, भुंकतो. तसं काही नसतं. झटके येतात, आणि दोन झटक्यांच्या मध्ये माणूस अगदी शहाणा असतो. आक्कानं मला ओळखलं.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "तुझ्या वहिनीला काही झालं न्हाई न्हवं?"

"नाही आक्का. ती बरी आहे."

"बरं झालं बाई. लेकराबाळाची हाय." थुंकी गिळता येत नव्हती, ती कडेनं पुसली. मग माझ्याकडं बघत हळू म्हणाली, "आप्पाला सांगू नगं, मी तुमच्या गोठ्यात आलते म्हणून. लई लागंल त्याला. अबोला मोडला म्हणंल."

मी मान हलवली. पाणी पाजता येत नाही, पंखा लावता येत नाही, हात धरला तर दचकते. मी तिथं नुसती उभी होते. या विषाणूचं मला जेवढं कळतं तेवढं या भागात क्वचितच कुणाला कळत असेल, आणि मला त्या खोलीत करण्यासारखं एकही काम नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का गेली.

मयतीला अबोला मोडतो. दादानं खांदा दिला. आमच्यात जाळतात, त्यांच्यात बसवून पुरतात. खड्ड्यात भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून, बेलाची पानं घालून आक्काला बसवलं. मी लांबून बघत होते. तेव्हापासून मला ती झोपलेली कधी दिसत नाही. बसलेलीच दिसते, डोळे उघडे, कुणीतरी काही विचारेल याची वाट बघत असल्यासारखी. एसटीत समोरच्या बाकावर दिसते, भर दुपारी प्रयोगशाळेच्या दारात दिसते. मी विज्ञानाची माणूस आहे, मला हे सांगायला लाज वाटते, पण दिसते.

मागाहून घ्यायची सगळी खबरदारी डॉक्टरांनी घेतली. आप्पांनी तिची लाळ पुसली होती म्हणून त्यांनाही सुया सुरू केल्या. आणि समजावताना म्हशीचं ठाऊक नसलेलं कुणीतरी त्यांना म्हणालं की हा रोग कुत्र्याचा असतो, चावायलाच पाहिजे असं नाही, भेगाळलेल्या हाताला चाटलं तरी होतो. बस्स. आप्पांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो नेमका खोटा पडला.

कारण आप्पा दुकानापुढच्या कुत्र्यांना भाकरी घालायचे. रोज सकाळी पूजा झाली की शिळी भाकरी, फुटकी बिस्किटं. सात कुत्री होती. आक्का त्यांना हातानं चारायची. आक्का गेल्यावर दहा दिवसांनी आप्पांनी भाकरीत उंदीर मारायचं औषध कालवलं आणि त्याच हातांनी सातही कुत्र्यांना घातलं. ज्या माणसानं तांदळातला किडासुद्धा निवडून अंगणात सोडला, त्यानं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हे. मला वहिनीनं फोनवर सांगितलं. "आप्पा सगळ्याला सांगून राहिले की मीच मारलं तिला, मीच कुत्री लाडावली व्हती," ती म्हणाली. "वन्सं, सांगावं का त्येंला?"

मी म्हणाले, "आक्कानं शप्पत घातलीय." शपथ नव्हती घातली. नुसतं म्हणाली होती. मी तिच्या पदराआड लपले.

आक्काचा नमुना तपासायला आमच्याकडंच आला होता. दुसरीकडं कुठं जाणार? मी तिचा विषाणू आणि म्हशीचा विषाणू शेजारी ठेवून त्यांच्या जनुकांचं अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. कुणी सांगितलं नव्हतं, गरजही नव्हती. एकाच हातानं लिहिल्यासारखे निघाले. दोन्हींच्या नळ्या आमच्या थंड कपाटात एकाच डब्यात आहेत, नाव नाही, नुसते आकडे. लाईट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत मी त्या कपाटाजवळ जाऊन उभी राहते. पोरांना वाटतं मॅडमना कामाची केवढी फिकीर. पुढं माझं जे काही नाव झालं, ते म्हशीच्या त्या विषाणूवरच झालं. तो नसेत शिरल्यावर पेशीला कसा गप्प ठेवतो, हे मी त्याच्यावर वर्षानुवर्षं बघितलं. सभांमध्ये बोलले, टाळ्या घेतल्या. आणि गावी गेले की दुकानापुढून मान खाली घालून घरात शिरायची.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं. मलाही तेच वाटायचं. दर दिवाळीला ठरवायची. मग आप्पांना गल्ल्यावर एकटं बसलेलं बघायची आणि वाटायचं, म्हातारा माणूस, कशाला जुनं उकरायचं. तोंड एवढं धारदार, पण जिथं उघडायचं तिथं कुलूप.

मागच्या हिवाळ्यात मला आमच्या प्रयोगशाळेची प्रमुख केलं. गावानं शाळेत सत्कार ठेवला. हार, नारळ, फेटा, सगळं. शाल कुणाच्या हातून द्यायची तर गावातला सगळ्यात वडीलधारा माणूस म्हणून आप्पांच्या हातून. ते काठी टेकत वर आले. मला शाल पांघरली. मग माईक मागितला. आप्पा कधी चार माणसांत बोलणारे नाहीत, पण मागितला.

"मला भाषण येत न्हाई," ते म्हणाले. "एकच सांगतो. माझी चूक झाली व्हती, सगळ्या गावाला म्हाईत हाय. मला अक्कल नव्हती. ही पोरगी तव्हा आपल्या गावात ऱ्हात असती, तर हिनं बघितलं असतं. आमची आक्का आज हितं बसली असती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडात कोंबला. मला त्या शालीत इतका घाम फुटला की मी भाषण न करताच खाली बसले. लोक म्हणाले, पोरीचं मन भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात गेले. आप्पा नुकतेच पूजा आटोपून गादीवर बसले होते.

"ये पोरी. बस. च्या सांगू का?"

"नको आप्पा. मला सांगायचंय काहीतरी."

मी मनात वाक्यं जुळवून नेली होती. ती एकही उपयोगी पडली नाहीत. म्हैस, माझा फोन, परसातली भिंत, आक्कानं धरलेली जीभ, वहिनीवर मी केलेली आरडाओरड, लातूरची खोली, जे आठवलं ते तसंच सांगितलं. मध्ये एक बाई तेल घ्यायला आली, आप्पांनी तिला हातानंच परत पाठवलं.

मग त्यांनी समोरच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"म्हंजे कुत्र्यांचं काही नव्हतं," ते म्हणाले.

"नाही, आप्पा."

"तुला कव्हा कळलं?"

"लातूरला. आक्का असतानाच."

"सा वर्सं."

"तुम्हाला सांगू नको असं तिनंच म्हटलं होतं. अबोला मोडला म्हणून तुम्हाला लागेल म्हणाली."

"ती म्हणलीच असंल," आप्पा म्हणाले. "म्या काय केलं असतं? भांडलो असतो एक दिस. जेवलो नसतो. दुसऱ्या दिशी जेवलो असतो की."

मी रडायला लागले होते. त्यांनी मला रडू नको असं म्हटलं नाही.

"तुझ्या वहिनीला किती सुया दिल्या?"

"पाच."

"मलाबी पाचच दिल्या. ती गेल्यावर." त्यांनी बोटं मोजली नाहीत, नुसता पंजा उघडला आणि मिटला. "तू सोता घेऊन जायचीस वहिनीला?"

"हो."

"गाडी आमच्या दुकानापुढंच लागायची. मला आठवतंय. अबोला व्हता म्हणून मी आत तोंड करून बसायचो."

"हो."

"आक्का दारात बसलेली असायची. तांदूळ निवडत."

"हो, आप्पा."

"हाताला फडकं बांधलेलं व्हतं तिच्या. म्हशीचे दात लागले असतील, आता कळतंय. मला म्हणली, विळी लागली. पंधरा-ईस दिस बांधलेलं व्हतं. हळद भरलेलं, पिवळं." ते माझ्याकडं बघत होते. आवाज चढला नव्हता. खरंच माहिती नाही म्हणून विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पोरी, ते तुला दिसलं व्हतं का?"

वहिनीला धरून गाडीत बसवताना, पहिल्या सुईच्या दिवशी आणि दुसऱ्याही, आक्का माझ्याकडं बघून हसली होती. बोलायची बंदी म्हणून तिनं नुसता हात वर केला होता. तोच हात.

"दिसलं होतं," मी म्हणाले.